शिशुशिक्षणातील प्रकल्प आणि बालकाची भाषा

मराठीत ‘प्रकल्प’ हा शब्द दोन वाटांनी रुळला. एक वाट धरणांची, कालव्यांची आणि कारखान्यांची, दुसरी शाळेची. पहिल्या वाटेने ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द दिला. दुसऱ्या वाटेने असा शब्द दिला नाही. परंतु पुठ्ठा, रंगीत कागद आणि डिंक घेऊन आदल्या रात्री मुलाचा ‘प्रकल्प’ पुरा करीत बसलेल्या पालकांना तो लावावयास फारशी हरकत नसावी. शब्दाची अशी अवस्था झाली की त्यामागील कल्पनेचेही मोल ओसरू लागते. म्हणून तीन ते सहा-सात वर्षे वयाच्या मुलांच्या शिक्षणात प्रकल्पाला खरोखर कोणते मूल्य आहे, ह्याचा विचार नव्याने करणे आवश्यक आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणि त्यानुसार २०२२ मध्ये तयार झालेल्या पायाभूत स्तराच्या आराखड्याने तीन ते आठ ह्या वयोगटासाठी खेळ, कृती आणि शोध ह्यांवर आधारलेल्या शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. अशा शिक्षणात प्रकल्पाला सहजच जागा मिळते. ती मिळाल्यावर वर्गात नेमके काय घडावयाचे, हा प्रश्न मात्र उरतो.

ह्या प्रश्नाचा विचार बहुधा मानसशास्त्राच्या किंवा शिक्षणशास्त्राच्या अंगाने केला जातो. येथे तो मुख्यतः भाषेच्या अंगाने करावयाचा आहे. ह्या वयातील मुलाचे सर्वांत मोठे काम भाषा कमावणे हे असते. तेव्हा एखादी अध्यापनपद्धती त्याच्या भाषेचे काय करते, हे पाहिल्यावाचून त्या पद्धतीचे मोल ठरविता येणार नाही.

प्रथम कल्पनेचा थोडा इतिहास. जर्मन अभ्यासक मिखाएल क्नोल ह्यांनी ‘प्रोजेक्ट’ ह्या संज्ञेचा शैक्षणिक वापर थेट सोळाव्या शतकाच्या अखेरीस रोम येथील कलाअकादमीपर्यंत मागे नेला आहे. वास्तुकलेचे विद्यार्थी स्पर्धेसाठी मंदिरे, स्मारके ह्यांचे आराखडे रचीत. ते प्रत्यक्ष बांधावयाचे नसत, म्हणून त्यांस ‘आराखडे’ अशा अर्थाने हे नाव पडले. पुढे ही प्रथा फ्रान्समधील अकादमीत, तेथून तंत्रशाळांत आणि एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील हस्तव्यवसायाच्या शाळांत गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी मॅसॅच्युसेट्समध्ये रूफस स्टिमसन ह्यांनी शेतकी शाळेतील मुलांना घरच्या शेतावर करावयाचे ‘गृहप्रकल्प’ दिले. ह्या सर्व टप्प्यांत एक गोष्ट समान होती : आधी शिक्षण, मग प्रकल्प. जे शिकले ते वापरून दाखविण्याची ती जागा होती. प्रौढ, जवळजवळ तयार झालेल्या विद्यार्थ्यासाठी योजिलेली ही रीत चार वर्षांच्या मुलापर्यंत येऊन पोहोचली, हे नवलच म्हटले पाहिजे.

हा क्रम उलटविण्याचे श्रेय विल्यम हर्ड किलपॅट्रिक ह्यांच्याकडे जाते. १९१८ मध्ये ‘टीचर्स कॉलेज रेकॉर्ड’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने ‘प्रकल्पपद्धती’ हे नाव जगभर नेले. सामाजिक परिसरात, मनापासून आणि हेतुपूर्वक केलेली कृती म्हणजे प्रकल्प, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. हेतू ठरविणे, योजना आखणे, ती पार पाडणे आणि केल्या कामाचा निवाडा करणे, असे चार टप्पे त्यांनी सांगितले. ह्यामुळे प्रकल्प हा शिक्षणाचा शेवट न राहता शिक्षण म्हणजेच प्रकल्प असे समीकरण झाले. परंतु त्याबरोबर कल्पनेच्या कडाही विरघळल्या. मनापासून संगीत ऐकणे हाही किलपॅट्रिक ह्यांच्या मते प्रकल्पच. सर्वच गोष्टींना जे नाव लागू पडते ते कोणत्याच गोष्टीला नीट लागू पडत नाही. पुढील काळातील पुष्कळसा गोंधळ येथूनच निघालेला आहे.

जॉन ड्यूई ह्यांची भूमिका अधिक सावध होती. शिकागो विद्यापीठात १८९६ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या प्रयोगशाळेत मुले स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम करीत. ‘द स्कूल अँड सोसायटी’ ह्या १८९९ च्या ग्रंथातील एक प्रसंग सुप्रसिद्ध आहे. मुलांनी कापसाच्या बोंडातून आणि सरकीतून तंतू सोडविण्याचा उद्योग केला. अर्ध्या तासाच्या श्रमानंतर एक औंसभरही कापूस हाती लागला नाही. पूर्वज लोकरीचे कपडे का वापरीत, हे त्यांना त्यावरून उमगले. ही मुले शिशुवयाची नव्हती. तथापि येथील तत्त्व लक्षात घेण्याजोगे आहे. हात कामात गुंतले होते, पण कोणत्या कामात हात गुंतवावयाचे ह्याची निवड जाणत्या शिक्षकाची होती. १९३८ च्या ‘एक्सपीरियन्स अँड एज्युकेशन’ मध्ये तर ड्यूई स्पष्टच बजावतात, की ऊर्मी म्हणजे हेतू नव्हे. ऊर्मीचा हेतू व्हावयास भोवतालचे निरीक्षण, पूर्वीच्या तत्सम प्रसंगांची माहिती आणि त्या दोहोंची सांगड घालणारा निर्णय ह्यांची गरज असते. आणि ह्या कामी शिक्षकाने मदत करणे म्हणजे मुलाच्या स्वातंत्र्यावर घाला घालणे नव्हे.

ऊर्मी आणि हेतू ह्यांमधील हे अंतर मूल कशाच्या आधाराने ओलांडते? येथे भाषेचा प्रवेश होतो. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) ह्यांनी लहान मुलांच्या चित्रकलेविषयी एक साधे निरीक्षण नोंदविले आहे. अगदी लहान मूल चित्र आधी काढते आणि मग ते कशाचे आहे ते सांगते. थोडे मोठे झाल्यावर ते काढता काढता नाव देते. आणखी मोठे झाल्यावर काय काढावयाचे ते आधी सांगते व मग काढते. कृतीच्या मागून चालणारी भाषा कृतीच्या पुढे होते. ती वर्णनाची होती, ती योजनेची होते. किलपॅट्रिक ह्यांच्या चार टप्प्यांतील पहिले दोन टप्पे ह्या दृष्टीने भाषिकच आहेत. व्हिगॉट्स्की ह्यांचे दुसरे निरीक्षण असे, की कामात अडथळा आला (हवी ती पेन्सिल सापडेना, कागद अपुरा पडला) की मुलाचे स्वतःशी मोठ्याने बोलणे एकदम वाढते. अडचण नसेल तर भाषेला काम नसते. ज्या वर्गात सर्व साहित्य कापून, मोजून, रंगवून मुलाच्या पुढ्यात ठेवलेले असते, त्या वर्गात नीटनेटकेपणा भरपूर असतो. बोलण्याचे कारण मात्र राहत नाही.

भाषेला काम मिळाले म्हणजे काय होते, ह्याचा उत्कृष्ट नमुना सुझन आयझॅक्स ह्यांच्या नोंदींत आढळतो. केंब्रिज येथील माल्टिंग हाउस शाळेत १९२४ पासून काही वर्षे त्यांनी मुलांचे बोलणे जसेच्या तसे टिपून ठेवले, आणि १९३० मध्ये त्या नोंदी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. शाळेतील ससा एका रात्री मेला. सकाळी एका मुलाने त्याचे पोट हलत नाही ह्यावरून तो मेला असे ओळखले. दुसऱ्याने वडिलांचा हवाला देऊन सांगितले, की पाण्यात घातल्यास तो जिवंत होईल. बाईंनी ‘असे होत नसते’ म्हटले नाही. करून पाहू या का, एवढेच विचारले. ससा पाण्यात सोडल्यावर तिसऱ्या मुलाने कसोटी मांडली : तरंगला तर मेलेला, बुडाला तर जिवंत. पुढे सशाला पुरले. नंतर तो तेथे नसून आकाशात गेला असावा असा तर्क निघाला, तेव्हा मुलांनी माती उकरून पाहिले. तो जागच्या जागी होता. ह्या मुलांची वये लक्षात घेतली की त्यांच्या बोलण्यातील संकेतार्थी रचना, प्रमाणाचा उल्लेख आणि परस्परांच्या विधानांचे खंडन ह्यांचे मोल कळते. तिसऱ्या मुलाची कसोटी चुकीची होती ही गोष्ट गौण होय. ती कसोटी होती, आणि ती ‘जर–तर’ शिवाय मांडताच आली नसती.

उलट टोकाचे चित्र बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूझ ह्यांनी १९८४ मध्ये दाखविले. चार वर्षांच्या तीस मुलींचे बोलणे त्यांनी घरी आणि शिशुशाळेत ध्वनिमुद्रित केले. घरी ह्या मुली आईला ताशी सरासरी २६ प्रश्न विचारीत. शाळेतील बाईंना ताशी दोन. प्रश्न विचारण्याचे काम शाळेत बाईंनी स्वतःकडे घेतले होते, आणि तेही ज्यांची उत्तरे त्यांना आधीच ठाऊक आहेत असे प्रश्न. ‘हा रंग कोणता?’, ‘हे किती?’ ह्या प्रश्नांची उत्तरे देणारे मूल माहिती देत नसते. ते परीक्षा देत असते. कामगार घरांतील मुलींच्या बाबतीत ही तफावत अधिक जाणवली, हे विशेष. ज्यांच्या घरात भाषा दरिद्री असेल असे शाळा गृहीत धरीत होती, त्यांची भाषा शाळेतच दरिद्री होत होती.

मराठी शिशुवर्गातील नेहमीच्या संवादाचे व्याकरण ह्या संदर्भात तपासून पाहावे. ‘हे काय आहे?’ – ‘हा आंबा आहे.’ ‘आंब्याचा रंग कोणता?’ – ‘पिवळा.’ प्रथमा विभक्ती, ‘असणे’ हे क्रियापद, वर्तमानकाळ. बहुधा एवढ्यावरच काम भागते. पाच वर्षांच्या मराठी मुलाला घरी ह्याहून कितीतरी अधिक व्याकरण येत असते. तो धाकट्या बहिणीची तक्रार करताना भूतकाळाचे सर्व प्रयोग बिनचूक वापरतो, हट्ट धरताना आज्ञार्थ आणि विध्यर्थ दोन्ही वापरतो, आणि सबबी सांगताना कारणवाचक वाक्यांची रास घालतो. शाळेच्या उंबरठ्यावर हे सारे बाहेर ठेवावे लागते. प्रकल्पाचे मूल्य अजमावताना त्याची तुलना ह्या परिस्थितीशी करावयाची आहे.

उदाहरणादाखल एक प्रकल्प कल्पून पाहता येईल : पाण्याचा माठ. फाल्गुन-चैत्रात कोणत्याही अंगणवाडीत किंवा बालवाडीत तो आणता येतो; श्रावणात तो फसेल, कारण दमट हवेत माठाचे पाणी पुरेसे गार होत नाही. (प्रकल्पालाही ऋतू असतो, वार्षिक नियोजनाच्या तक्त्यांत ही गोष्ट अनेकदा निसटते.) नवा माठ पाणी भरून ठेवला की काही वेळाने त्याचे अंग ओले दिसते. मुलांचा पहिला निष्कर्ष ठरलेला : माठ फुटका आहे, गळतो आहे. येथे शिक्षिकेने बाष्पीभवनाचे व्याख्यान देण्याचे कारण नाही. गळणारा एखादा डबा शेजारी ठेवावा. डब्याच्या भोकातून धार लागते किंवा थेंब ठिबकतात. माठाचे मात्र सगळे अंगच ओले होते, धार कोठे नाही, भोकही सापडत नाही. मुलाला आता एका शब्दाची गरज भासते, आणि तो शब्द भाषेत तयार आहे : माठ गळत नाही, झिरपतो, पाझरतो. गळणे, ठिबकणे, झिरपणे, पाझरणे, सांडणे, वाहणे ही क्रियापदे तक्त्यावर लिहून पाठ करवून घेतली तर समानार्थी शब्दांची यादी होते. माठाजवळ ती समानार्थी राहत नाहीत. प्रत्येकाला स्वतःचे पाणी मिळते.

पुढे तीन भांडी मांडावी : नवा माठ, बाहेरून तेलरंग दिलेला माठ, आणि स्टीलची कळशी. कोणत्या भांड्यातील पाणी सर्वांत गार होईल, हे मुलांनी आधी सांगावयाचे व दुसऱ्या दिवशी हात बुडवून, पिऊन पाहावयाचे. ‘होईल’ हा ईलाख्यातातील भविष्यकाळ येथे नुसता काळ दाखवीत नाही. तो मुलाने दिलेला शब्द असतो, आणि उद्या त्याची झडती होणार असते. ‘कळशीतलं होईल, ती चकचकीत आहे’ असे म्हणणारे मूल दुसऱ्या दिवशी ‘मला वाटलं होतं’ असे म्हणते. आपले कालचे मत आज आपले राहिले नाही, हे सांगणारी ही रचना पाच वर्षांच्या वयात सोपी नव्हे. रंगविलेल्या माठाविषयी कदाचित एखादे मूल ‘रंग नसता तर ह्याचंही पाणी गार झालं असतं’ इथवर येईल. दामल्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) ज्याला द्वितीय ताख्यात म्हटले आहे, त्याची ही सहज उपस्थिती होय. सर्वच मुले तेथवर येणार नाहीत. येण्याची घाईही नाही. ‘रंग लावला म्हणून’ एवढे म्हणणाऱ्या मुलानेही कारण आणि कार्य जोडलेलेच असते.

मग कुंभारवाड्याची भेट. येथे भाषेचे दुसरेच दालन उघडते, क्रमाचे. माती चाळून, भिजवून, तीत राख आणि लीद घालून, तुडवून, मळून मग चाकावर चढवितात; चाकावरून उतरलेले कच्चे मडके आतून दगडी गोळ्याचा आधार देऊन बाहेरून थापीने थापतात; वाळल्यावर आव्यात भाजतात. मराठीत असा क्रम सांगावयास ‘ऊन’ प्रत्ययान्त रूपांची माळ लागते, आणि ही माळ गुंफावयास प्रत्यक्ष पाहिलेल्या क्रमासारखा दुसरा आधार नाही. एक पायरी गाळली तर ऐकणारी मुलेच हटकतात : ‘आधी वाळवलं ना!’ घट, माठ, मडके, गाडगे, घागर, रांजण, बोळके, पणती ही नावेही आकारांसह आणि कामांसह भेटतात. शिक्षिकेला त्यांतील काही ठाऊक नसतील. कुंभाराला सारी ठाऊक असतात, आणि त्याला ती सांगावयाला आवडते.

ह्या प्रकल्पात एखादे मडके फुटणारच. त्या क्षणाचे व्याकरण तर विशेष मनोवेधक आहे. ‘मडकं फुटलं’, ‘मी मडकं फोडलं’ आणि ‘माझ्या हातून मडकं फुटलं’ ही तीन वाक्ये घटना एकच सांगतात. जबाबदारी मात्र निरनिराळी वाटून देतात. फुटणे–फोडणे, तुटणे–तोडणे, सुटणे–सोडणे, पडणे–पाडणे ह्या जोड्या मराठीच्या रचनेत खोल रुजलेल्या आहेत. शिक्षिकेने ‘कुणी फोडलं?’ असे विचारले की वर्गात शांतता पसरते. ‘कसं फुटलं?’ असे विचारले की पाच जण एकदम बोलू लागतात. एका स्वराच्या आणि एका व्यंजनाच्या फरकावर वर्गाचे बोलणे उघडते किंवा मिटते, हे अध्यापकविद्यालयांतून फारसे सांगितले जात नाही.

भारतात प्रकल्पपद्धतीचे आगमन अलीकडचे नाही. पंजाबातील मोगा येथील मिशन अध्यापकशाळेत विल्यम मॅकी ह्यांनी १९२० च्या दशकात खेडेगावातील जीवनावर प्रकल्प बेतले. दिल्लीच्या जामिया मिल्लियाच्या प्राथमिक शाळेत ही पद्धती वापरली गेली. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतरच्या नई तालीमने हस्तोद्योगाला केंद्रस्थान दिले. ती योजना सात ते चौदा वयाची होती, आणि त्यापूर्वीच्या वयासाठी पूर्वबुनियादी शिक्षणाचा विचार सेवाग्रामला पुढे झाला. बालशिक्षणाचा मुख्य प्रवाह मात्र भावनगरहून निघाला. गिजुभाई बधेका ह्यांनी १९२० मध्ये तेथे दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ह्या प्रवाहाचा आधार माँटेसरी पद्धती होती, आणि किलपॅट्रिक ह्यांनी १९१४ मध्येच त्या पद्धतीवर कठोर टीका करणारे पुस्तक लिहिले होते. ग्रंथांच्या पातळीवर हे दोन पक्ष परस्परविरोधी दिसतात.

बोर्डीला हा विरोध टिकला नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी त्या वेळच्या ठाणे (आता पालघर) जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. १९५७ च्या सुमारास ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या पाड्यावर, त्यांच्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ ह्या कल्पनेचा उगम हा, आणि १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने हे नाव देशभर नेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. महागड्या साधनांच्या जागी बिया, पाने, खडे, शिंपले आले. साधने परिसरातून आली की त्यांच्याबरोबर परिसरही आला. माँटेसरींच्या लाकडी ठोकळ्याला पूर्वेतिहास नसतो, चिंचोक्याला तो असतो. त्याचे झाड कोणाच्या तरी दारात असते. ताराबाई आणि अनुताईंनी आपल्या कामाला प्रकल्पपद्धती हे नाव दिले नसेल. पण मुलाचे जीवन हाच अभ्यासविषय मानण्याचे धोरण त्यांच्याइतके चिवटपणे फार थोड्यांनी चालविले.

ह्या कामाची भाषिक बाजू आजही तितकीच जिवंत आहे. डहाणू परिसरातील वारली मुलाची घरची बोली आणि पाठ्यपुस्तकाची मराठी ह्यांत अंतर आहे. प्रश्नोत्तरी पाठात ते अंतर केवळ चूक म्हणून दिसते : मुलाने घरचा शब्द वापरला, बाईंनी पुस्तकातला सांगितला, मूल पुढच्या वेळी गप्प राहिले. आता भातशेती हा प्रकल्पविषय घ्यावा. राब भाजणे, आवण काढणे, लावणी, झोडणी. ह्या क्रमात काय, केव्हा आणि का केले जाते हे पाड्यावरील सहा वर्षांचे मूल पाहत आलेले असते. शहरातून आलेल्या शिक्षिकेला राब का भाजतात हे बहुधा ठाऊक नसते. ती खरोखरीचा प्रश्न विचारू शकते आणि मूल खरोखरीचे उत्तर देऊ शकते. माहितीचा ओघ उलटा वाहू लागला की बोलीचा दर्जाही बदलतो. ती आता अशुद्ध मराठी राहत नाही, ती जाणकाराची परिभाषा होते. पुस्तकातील शब्द तिच्या शेजारी येऊन बसतो. तिला उठवून तिची जागा घेत नाही. मातृभाषेतून शिक्षण ह्या धोरणाची चर्चा माध्यमाच्या पातळीवरच थांबते. माध्यम मराठी झाले तरी वारली, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या घरातील मुलाचा प्रश्न सुटत नाही. प्रकल्प तो सोडवितो असे म्हणणे धाडसाचे होईल. मुलाने तोंड उघडावे अशी परिस्थिती मात्र तो निर्माण करतो.

येथवर प्रकल्पाच्या बाजूने लिहिले. परंतु विद्यापीठीय चर्चेत पुराव्याचा प्रश्न टाळता येत नाही, आणि तो प्रकल्पवाद्यांना फारसा सुखावह नाही. किलपॅट्रिक ह्यांच्या पक्षाचा सर्वांत गाजलेला आधार म्हणजे त्यांचे शिष्य एल्सवर्थ कॉलिंग्ज ह्यांनी मिसूरीतील ग्रामीण शाळेवर लिहिलेला, १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोगवृत्तांत. त्यातील विषमज्वराचा प्रकल्प अनेक पाठ्यग्रंथांतून उद्धृत होत आला. क्नोल ह्यांनी १९९६ मध्ये कागदपत्रांच्या आधारे असे प्रतिपादन केले, की हा वृत्तांत बऱ्याच अंशी रचलेला आहे. २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क ह्यांनी अल्प मार्गदर्शनावर भिस्त ठेवणाऱ्या सर्वच पद्धती नवशिक्यासाठी कुचकामी ठरतात, कारण त्याच्या कार्यकारी स्मृतीवर त्या अवाजवी भार टाकतात, असा आक्षेप घेतला. २०२१ मध्ये फेर्रेरो, वादिल्यो आणि लेओन ह्यांनी शिशुवर्ग व प्राथमिक शाळा ह्यांतील प्रकल्पाधारित शिक्षणाविषयीच्या अभ्यासांची पद्धतशीर छाननी केली. उपलब्ध अभ्यास थोडे आणि त्यांची रचना इतकी कच्ची, की त्यांवरून परिणामकारकतेविषयी खात्रीने काही म्हणता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

त्याच वर्षी नेल ड्यूक आणि सहकाऱ्यांनी मिशिगनमधील गरीब वस्त्यांतल्या २० शाळांतील दुसरीच्या ४८ शिक्षकांवर केलेला यादृच्छिक निवडीचा प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रकल्प करणाऱ्या वर्गांची प्रगती समाजविषयात आणि माहितीपर वाचनात अधिक झाली; माहितीपर लेखनात आणि प्रेरणेत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. दुसरीचा वर्ग पायाभूत स्तराच्या वरच्या टोकाला येतो, त्यामुळे हा निष्कर्ष चार वर्षांच्या मुलांना जसाच्या तसा लावता येत नाही. शिवाय प्रकल्पाने मुलांना अभ्यासाची गोडी लागते हा दावा सर्वाधिक केला जातो, आणि नेमका तोच ह्या प्रयोगात सिद्ध झाला नाही. ह्या शाळांतील प्रकल्प मोकाट सोडलेले नव्हते, हेही ध्यानात घ्यावे. त्यांचे पाठ बारकाईने आखलेले होते. किर्शनर प्रभृतींचा आक्षेप मार्गदर्शनाच्या अभावावर आहे. शिक्षिका शेजारी बसून शब्द पुरवीत असेल, पुढचा प्रश्न विचारीत असेल, तर तो आक्षेप बराचसा गळून पडतो. बाई मुलांना माठ देऊन निघून गेल्या, तर तो पूर्णपणे लागू होतो.

आणि ही शिक्षिका कोण? महाराष्ट्रात ती बहुसंख्य ठिकाणी अंगणवाडी सेविका असते. तिच्याकडे पोषण आहार, वजने, लसीकरणाच्या भेटी आणि भ्रमणध्वनीवर भरावयाच्या नोंदी असतात. ह्यातून उरलेल्या वेळात तिने बालशिक्षण करावयाचे. तिला आणखी एक नोंदवही देऊन ‘प्रकल्प’ भरावयास सांगितले, तर ती तो भरील, आणि तो वहीतच राहील. प्रकल्पांची संख्या कमी ठेवणे, वर्षातून दोन किंवा तीन, आणि त्यांतील प्रत्येकाला तीन-चार आठवडे देणे हे ह्या परिस्थितीत अधिक शहाणपणाचे ठरेल. लिलियन कॅट्झ आणि सिल्व्हिया चार्ड ह्यांनी १९८९ मध्ये प्रकल्पाची जी मांडणी केली, तीत औपचारिक पाठांना प्रकल्पाची जोड सुचविली आहे. पाठ काढून टाकावयास सांगितलेले नाही. वाचनाची पूर्वतयारी, ध्वनींची ओळख, गाणी, गोष्टी ह्यांची जागा प्रकल्प घेऊ शकत नाही, आणि घेऊ पाहील तर मुलांचे नुकसान करील. ‘झिरपणे’ हा शब्द माठाने दिला, तरी त्यातील ‘झ’ ओळखावयास वेगळे बसावेच लागते.

इटलीतील रेज्जो एमिल्या येथील नगरशाळांत, जेथे पहिली शाळा १९६३ मध्ये सुरू झाली, लॉरिस मालागुत्सी ह्यांनी मुलांचे बोलणे, चित्रे, छायाचित्रे ह्यांचे सतत संकलन करण्याची प्रथा पाडली. तेथील कलागृहांची नक्कल करणे खर्चाचे आहे. बोलणे टिपून ठेवण्याची प्रथा मात्र बिनखर्ची आहे, आणि भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी येथे सेविकेला हात द्यावयास हरकत नाही. मराठी बालभाषेविषयी कितीतरी प्रश्न अशा संकलनातून हाती येतील. फुटणे–फोडणे ह्यांसारख्या जोड्यांत मूल अकर्मक रूपापासून सकर्मकाकडे जाते, की दोन्ही रूपे स्वतंत्रपणे शिकते? ‘हातून’, ‘कडून’ ह्या रचना कोणत्या वयात येतात, आणि त्या प्रथम सबबीतच येतात काय? संकेतार्थी ‘ता’ येण्यापूर्वी मूल ‘जर’ शिवाय केवळ ‘तर’ वर किती काळ भागविते? वारली, कोकणा किंवा कातकरी घरातील मूल प्रकल्पाच्या चौथ्या आठवड्यात एकाच वाक्यात दोन्ही भाषांतील शब्द योजते, तेव्हा प्रत्यय कोणत्या भाषेचा घेते? एकाच वर्गात एक आठवडा नेहमीच्या पाठांचे आणि एक आठवडा प्रकल्पाचे ध्वनिमुद्रण केले, तर मुलांच्या वाक्यांची लांबी, क्रियापदांची विविधता आणि प्रश्नांची संख्या ह्यांची तुलना एका प्रबंधिकेच्या आवाक्यात येते. त्यासाठी मुलांच्या पालकांची संमती घ्यावी लागेल, मुलांची नावे गाळावी लागतील, आणि ध्वनिमुद्रक शिक्षिकेच्या टेबलावर न ठेवता माठाजवळ ठेवावा लागेल.